काउंटरवरच्या माणसाला आधी कळू द्या

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एम.ए. भाग दोनची एक विद्यार्थिनी आमच्या ग्रंथालयात आली. तिला हंगामी स्थलांतरावरचा एक इंग्रजी लेख हवा होता. नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक असं सगळं सरांनी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं होतं. मी त्या दिवशी बैठकीसाठी विद्यापीठात गेले होते. काउंटरवर कंत्राटी सहायक होता, रुजू होऊन चार महिने झालेला. त्याने नियतकालिकांच्या मांडणीवर शोधलं, जुन्या अंकांचे गठ्ठेही काढून पाहिले आणि सांगितलं, "ताई, हे आपल्याकडे येत नाही." ती सव्वासहाची शेवटची एसटी गाठायला निघून गेली.

तो लेख आमच्याकडे होता. कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं, सभासद आहे, त्या नियतकालिकाचे अंक तिथे उघडत होते आणि त्या मुलीच्या नावाचं लॉगिनसुद्धा मी ऑगस्टमध्येच तयार करून ठेवलं होतं. प्रकल्प सादर झाल्यावर तिचे सर मला सहज म्हणाले, "मॅडम, तो लेख मिळाला असता तर बरं झालं असतं हो." तेव्हा मला हे कळलं. मी त्या मुलाला काही बोलले नाही. एन-लिस्ट नावाची गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

त्यानंतर मी या एका प्रश्नाकडे गांभीर्याने बघायला लागले. कॉलेजच्या ग्रंथालयात काय उपलब्ध आहे आणि कोणते नियम लागू आहेत, हे वाचकाच्या समोर जो माणूस उभा असतो त्याला सगळ्यात आधी माहीत हवं. आपल्याकडे ते त्याला सगळ्यात शेवटी कळतं, कित्येकदा कळतच नाही. पुस्तकांच्या खरेदीवर, संगणकांवर, बारकोडवर आपण बोलतो. या गोष्टीवर कुणी बोलत नाही.

आपल्या बहुतेक अनुदानित कॉलेजांत संदर्भसेवेला वेगळा माणूसच नसतो. 'संदर्भ विभाग' म्हणजे कुलपाची चारसहा कपाटं आणि त्यांच्यावर 'बाहेर नेण्यास मनाई' अशी पट्टी. ग्रंथपाल आत केबिनमध्ये खरेदीच्या फायली, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) माहिती आणि दाखलनोंदीत अडकलेला असतो. विद्यार्थी प्रश्न घेऊन जातो तो देवघेव काउंटरवर. तिथे लिपिक असतो, परिचर असतो, कधी 'कमवा आणि शिका' योजनेतला द्वितीय वर्षाचा मुलगा असतो. विद्यार्थ्याच्या लेखी ग्रंथालय म्हणजे तोच. तो 'नाही' म्हणाला की विषय संपला. केबिनचं दार ठोठावून "मॅडम, खरंच नाही का?" असं विचारणारी मुलं फार थोडी असतात, आणि खेड्यातून आलेली, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलं तर कधीच विचारत नाहीत.

डॉ. शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी जी पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा' असं आहे. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ घालून देणारा माणूस हा ग्रंथालयाचा कणा आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. तसबिरीला हार घालतो, एक व्याख्यान ठेवतो. त्या कार्यक्रमात सतरंजी घालण्यापासून पेढे वाटण्यापर्यंत सगळं करणाऱ्या परिचराला चौथं सूत्र कुणी समजावून सांगितलंय का?

माहिती कॉलेजात येते कशी, ते बघा. विद्यापीठाचं किंवा यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) पत्र प्राचार्यांच्या मेलवर येतं. कार्यालयात त्याची प्रत निघते, आवक क्रमांक पडतो, कोपऱ्यात 'ग्रंथपाल – योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा येतो आणि कागद माझ्या टेबलावर पोचतो. मी वाचते, सही करते, फाईलला लावते. प्रकाशकांचे आणि एन-लिस्ट चालवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे मेल थेट माझ्याकडे येतात, ते मी वाचते आणि तारांकित करून ठेवते. माझ्या टेबलापासून काउंटर बारा पावलांवर आहे. गांधीनगरहून निघालेली माहिती माझ्यापर्यंत विनासायास येते, पुढची बारा पावलं मात्र ती जात नाही.

ग्रंथालयात काही बदलतच नसतं तर हे चाललंही असतं. पूर्वी वर्षातून एकदा नवीन पुस्तकं यायची, नियतकालिकांची वर्गणी जानेवारीत भरली की वर्षभर चिंता नसायची. आता काय काय बदललं ते बघा. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त संस्था. बातमी मराठी वृत्तपत्रांतही आली आणि जानेवारीत मुलं विचारायला लागली, "आता सगळी जर्नल्स फुकट ना?" योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. आमचं कॉलेज शिक्षणसंस्थेचं, अनुदानित; त्या यादीत नाही. हे एका वाक्यात सांगता येतं. पण काउंटरवर ते वाक्य कुणाकडेच नव्हतं, म्हणून एकाने 'हो' सांगितलं, दुसऱ्याने 'माहीत नाही' सांगितलं, आणि एक मुलगा आठवडाभर फोनवर लॉगिन शोधत बसला.

यूजीसी-केअर यादीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. कोणत्या नियतकालिकात शोधनिबंध छापला तर तो धरला जाईल, हे या यादीवरून ठरायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ही यादी बंद केल्याचं जाहीर केलं. आता नियतकालिक पारखण्यासाठी सूचक निकष आहेत आणि ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे. पीएच.डी. करणाऱ्या माणसासाठी हा केवढा मोठा बदल आहे! त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याच सूचनाफलकावर केअर यादी कशी शोधायची याचा छापील कागद टाचलेला होता. लिपिकताई तो बोट दाखवून समजावून सांगत होत्या, अगदी मनापासून. चुकीची माहिती इतक्या आपुलकीने दिली गेली की ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. यादीच्या नावावर पैसे उकळणाऱ्या बनावट नियतकालिकांच्या जाळ्यात माणूस अडकतो तो अशाच वेळी. काउंटरवरच्या शिळ्या माहितीने होणारं नुकसान असं प्रत्यक्ष खिशापर्यंत जातं.

वाङ्मयचौर्याच्या बाबतीतही तेच. २०१८ च्या यूजीसी विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. विद्यार्थी मात्र काउंटरवर येऊन विचारतात, "किती टक्के चालतं?" आणि तिथे ज्याच्या कानावर जो आकडा पडलेला असतो तो सांगितला जातो. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे नवे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही आले. क्षेत्रप्रकल्प, भारतीय ज्ञानप्रणाली, कार्यप्रशिक्षण या सगळ्यासाठी मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचं साहित्य लागतं. "गाईड द्या" म्हणणारा मुलगा आता "आमच्या तालुक्याची जनगणनेची आकडेवारी कुठे मिळेल?" असं विचारतो. याचं उत्तर फुकट उपलब्ध आहे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका ऑनलाइन आहेत, जुनी गॅझेटिअरं आहेत. पण ती आहेत हे सांगायला काउंटरवर कुणीतरी हवं.

साधनांइतकेच महत्त्वाचे नियम. झेरॉक्सचा प्रश्न घ्या, कारण तो रोज येतो. "मामा, अख्खं पुस्तक झेरॉक्स करू का?" मामा, म्हणजे आमचे परिचर, कधी हो म्हणतात, कधी पुस्तकावर आणि मुलावर नजर टाकून ठरवतात. कॉपीराइटच्या बाबतीत देशात एक मोठा खटला झाला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर तीन आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेत, शिकवण्याच्या कामी लागेल तेवढ्या भागाच्या प्रती काढता येतात हे तत्त्व मान्य केलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. म्हणजे प्राध्यापकांनी नेमलेल्या प्रकरणांची प्रत काढणारा विद्यार्थी चोर नाही. बाजारात मिळणारी अख्खी कादंबरी स्वस्तात हवी म्हणून कुणी झेरॉक्स मागितली, तर ती गोष्ट वेगळी. हा फरक मामांना पाच मिनिटांत कळतो. मी सांगून पाहिलं आहे. त्यांनी त्यावर विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता: "मग मॅडम, फोनने फोटो काढले तर?" आमच्या ग्रंथालयाच्या नियमावलीत फोटोबद्दल एक शब्द नव्हता. तो पुढच्या ग्रंथालय समितीच्या बैठकीत घातला.

दुसरा प्रसंग मला अजून टोचतो. एक अंध विद्यार्थी प्रथम वर्षाला आला. काउंटरवर त्याला प्रेमाने वागवलं, बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "तुझ्यासाठी ब्रेलमधली पुस्तकं आपल्याकडे नाहीत रे." खरंच नाहीत. पण २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, जिथे दृष्टिबाधितांना वाचता-ऐकता येतील अशा स्वरूपातली पुस्तकं मिळतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदाही दिव्यांग व्यक्तीसाठी अशी प्रत तयार करायला परवानगी देतो. म्हणजे त्याच्या पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून, त्याच्या फोनला वाचता येईल अशी फाईल बनवून देणं आम्हाला शक्य होतं आणि कायदेशीरही होतं. पहिलं सत्र त्याने मित्रांकडून धडे वाचून घेत काढलं. खुर्ची आणि चहा देणाऱ्या माणसाच्या मनात त्याला मदत करायची इच्छा काठोकाठ भरलेली होती. कमी पडली ती फक्त माहिती.

"परिचरांना हे सगळं कसं कळणार? त्यांचं शिक्षण काय?" असं मला एका वरिष्ठांनी विचारलं. या वाक्याचा मला मनस्वी राग येतो. आमच्याकडे एक मामा आहेत, दहावी झालेले. मराठीच्या एका संशोधक विद्यार्थ्याला एकोणिसाव्या शतकातल्या एका विस्मृत नाटकाची प्रकाशनाची माहिती हवी होती. मी येईपर्यंत मामांनी त्याच्यासमोर दाते सूची उघडून ठेवली होती. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातल्या ग्रंथांचा आहे, हे मामांना ठाऊक होतं. कारण आमच्या आधीच्या ग्रंथपाल सरांनी पंधरा वर्षांपूर्वी त्यांना एकदा तो खंड हातात देऊन, नोंद कशी शोधायची ते दाखवलं होतं. एकदाच. चित्रावशास्त्रींचे चरित्रकोश कोणत्या काळासाठी कोणता, विश्वकोशात नोंद नाही सापडली तर केतकरांच्या ज्ञानकोशात बघायचं, हेही ते सांगतात. छापील कोशांच्या बाबतीत जे सरांनी केलं ते ई-साधनांच्या बाबतीत मी केलं नाही, एवढाच काय तो फरक. मामांच्या बुद्धीत काही उणं नव्हतं.

मग आम्ही काय केलं? अगदी साधं. सोमवारी सकाळी साडेनऊ ते दहा देवघेव बंद. दारावर तशी पाटी. आतले सगळे जण, कंत्राटी आणि कमवा-शिकावाले धरून, वाचनकक्षाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलाभोवती बसतात. आठवड्यात आलेलं प्रत्येक पत्र आणि मेल मी मराठीत दोन वाक्यांत सांगते. मग एक साधन प्रत्यक्ष उघडायचं, आणि ते मी नाही, त्यांच्यापैकी कुणीतरी उघडायचं. माऊस त्यांच्या हातात. शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध शोधताना लिपिकताईंना आमच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचा प्रबंध सापडला, त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानंतर संशोधनाला आलेल्या प्रत्येकाला त्या स्वतःहून शोधगंगा दाखवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. शंभरपानी, काउंटरच्या खणात, दोरीने पेन बांधलेली. ज्या प्रश्नाला 'नाही' म्हणावं लागलं किंवा खात्रीने उत्तर देता आलं नाही, तो प्रश्न विचारणाऱ्याच्या वर्गासह आणि फोन नंबरसह तिच्यात लिहायचा. रोज संध्याकाळी मी ती बघते. उत्तर सापडलं की विद्यार्थ्याला फोन जातो, आणि सोमवारी ते उत्तर सगळ्यांना सांगितलं जातं. या वहीने मला माझ्या ग्रंथालयाबद्दल जे शिकवलं ते कोणत्याही अहवालातून कळलं नव्हतं. सर्वांत जास्त वेळा काय आलं होतं? 'पासवर्ड विसरलो.' ई-साधनांचा वापर कमी का, यावर आम्ही समितीत चर्चासत्र घ्यायच्या गोष्टी करत होतो आणि मुलं पासवर्डपाशी अडून परत जात होती. तो नव्याने देण्याचा अधिकार फक्त माझ्या संगणकावर होता. आता संध्याकाळच्या पाळीलाही तो आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की, असं बरेच ग्रंथपाल म्हणतात. आमचाही आहे. ग्रुपवर इंग्रजी परिपत्रकाची पीडीएफ टाकली आणि खाली सहा अंगठे आले, म्हणजे माहिती पोचली असं मानणं ही स्वतःची समजूत घालणं आहे. ज्याला वाचून प्रश्न पडला तो वरिष्ठांच्या ग्रुपवर "मला समजलं नाही" असं लिहीत नाही. तो प्रश्न टेबलाभोवती बसल्यावरच निघतो, बहुधा चहा आल्यावर.

मनुष्यबळाची अडचण मात्र खरी आहे, आणि मी ती कमी लेखणार नाही. मंजूर पदं रिकामी आहेत, निवृत्त झालेल्यांच्या जागी कुणी येत नाही, कंत्राटी माणूस अकरा महिन्यांनी बदलतो. शिकवला आणि गेला, मग पुन्हा पहिल्यापासून. अशा स्थितीत आठवड्याचा अर्धा तास काढायचा कुठून, असं विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी एवढंच सांगेन की माणसं कमी आहेत म्हणूनच तो काढावा लागतो. पाच जण असतात तिथे एकाला माहीत नसलं तर शेजारचा सांगतो. संध्याकाळी एकटाच असलेल्या माणसाला विचारायला शेजारी कुणी नसतं. आणि माणूस बदलत राहणार असेल तर माहिती माणसाच्या डोक्यातून बाहेर काढून ठेवायला हवी: सध्याचे नियम, लॉगिनच्या पायऱ्या, कुणाला किती पुस्तकं, बाहेरच्या वाचकाला प्रवेश कसा, अनामत कधी परत, असं सगळं मराठीत लिहिलेली एक फाईल, वर 'अद्ययावत केल्याची तारीख'. जुना कागद त्याच दिवशी फाडायचा. केअर यादीचा कागद मी स्वतः फाडला.

पण हे एका ग्रंथपालाच्या हौसेवर सोडून चालणार नाही. ग्रंथपालांना पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग करावे लागतात, त्यासाठी रजा मिळते, प्रमाणपत्र मिळतं. लिपिक आणि परिचरांसाठी अशी सोय अभावानेच दिसते. विद्यापीठांची ज्ञानस्रोत केंद्रं, म्हणजे त्यांची ग्रंथालयं, संलग्न कॉलेजांतल्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून दोन दिवस, मराठीतून, प्रत्यक्ष संगणकावर बसवून प्रशिक्षण घेऊ शकतात. प्रवासभत्ता कॉलेजने द्यावा आणि तो दिवस कामाचा दिवस धरावा. नॅकच्या निकष चारमध्ये ग्रंथालयाचा स्वतंत्र भाग आहे. संगणकीकरण किती, ई-साधनं कोणती, खर्च किती, रोज वाचक किती, हे सगळं तिथे विचारलं जातं. आलेल्या समितीने एकदा केबिन ओलांडून संध्याकाळी सहा वाजता काउंटरवरच्या माणसाला एक प्रश्न विचारावा. एखाद्या लेखाचं नाव द्यावं आणि तो शोधून मागावा. त्या पाच मिनिटांत त्यांना जे दिसेल ते माझ्या जाडजूड अहवालात दिसणार नाही.

प्राचार्यांकडे माझी आणखी एक मागणी आहे. ग्रंथालयाशी संबंधित निर्णय, मग ते विलंब शुल्क माफ करण्याचे असोत वा परीक्षेच्या काळात वेळ वाढवण्याचे, फलकावर लागण्यापूर्वी एक दिवस आधी काउंटरला कळवावेत. गेल्या वर्षी दंडमाफीची सूचना मुलांनी कॉलेजच्या पानावर वाचली आणि काउंटरवर वाद घातला. आमच्या लिपिकताईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नियमाप्रमाणे दंड घेतला, पावती फाडली, आणि दुसऱ्या दिवशी पन्नास मुलांसमोर त्यांना ते पैसे परत करावे लागले. वीस वर्षं काम केलेल्या बाईंवर अशी वेळ यायला नको होती.

ती स्थलांतरावरचा लेख शोधणारी मुलगी आता पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. जूनमध्ये ती दाखला न्यायला आली होती. मी केबिनमध्येच होते. काउंटरवर तोच सहायक होता. त्याने तिला ओळखलं, बसवलं, आणि दाखल्याआधी तो लेख उघडून दाखवला.